टेक्सासच्या हायस्कूलमधले क्लब, चीअर, ड्रिल टीम, बँड: आपल्या आईबाबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च उजाडला की मंडळाच्या ग्रुपवर ठरलेले मेसेज सुरू होतात, मुलगी आठवीत आहे आणि चीअरच्या ट्रायआउटचा, म्हणजे निवड चाचणीचा, फॉर्म घेऊन आलीये, सही करू का, किंवा मुलगा म्हणतो बँड सोडून रोबॉटिक्स घेतो, काय करू. आपण बहुतेक जण इथे नोकरीसाठी मोठेपणी आलो, इथल्या हायस्कूलमध्ये आपण स्वतः कधी बसलोच नाही, त्यामुळे हे सगळं आपल्याला बाहेरून बघून शिकावं लागतं. माझी मोठी मुलगी ड्रिल टीममध्ये होती आणि धाकटा डिबेट करतो. मला वारंवार विचारलेले प्रश्न एका जागी लिहून ठेवतेय. सगळं टेक्सासच्या पब्लिक शाळांबद्दल आहे, न्यू जर्सी-कॅलिफोर्नियावाल्यांनी आपापले नियम बघा. आणि स्कूल डिस्ट्रिक्टगणिक, म्हणजे त्या त्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या कारभारागणिक, फरक असतातच, तेव्हा शेवटचा शब्द शाळेच्या हँडबुकचा.

स्पिरिट स्क्वॉड म्हणजे चीअरलीडिंगच ना?

चीअरलीडिंग हा त्यातला एक भाग. शाळेचा उत्साह सांभाळणारी जी जी मंडळी असतात ती सगळी त्यात येतात, चीअरलीडर, ड्रिल टीम किंवा डान्स टीम, मॅस्कॉट म्हणजे तो वाघ-गरुड-बैलाचा पोशाख घालून फिरणारा मुलगा किंवा मुलगी, काही शाळांत मोठे झेंडे घेऊन मैदानात धावणारी फ्लॅग टीम. मार्चिंग बँड तांत्रिकदृष्ट्या फाइन आर्ट्समध्ये मोडतो आणि कलर गार्ड, म्हणजे झेंडे फिरवत नाचणारी मुलं, बँडबरोबर जातो, पण शुक्रवारी रात्री फुटबॉलच्या स्टेडियममध्ये हे सगळे एकत्रच असतात. आपल्याकडे गणपतीच्या दोन महिने आधीपासून ढोल-ताशा पथकाची मुलं रोज संध्याकाळी सरावाला जातात, पथकाचा एक गणवेश, एक शिस्त, नवीन मुलाला आधी निवडून घेतात, आणि मिरवणुकीत त्यांच्याशिवाय मजा नाही, तसंच समजा. फक्त इथे ते वर्षभर चालतं आणि त्याचे मार्क रिपोर्ट कार्डवर येतात.

मग ड्रिल टीम आणि चीअर यात फरक काय?

चीअर मैदानाच्या कडेला उभं राहून प्रेक्षकांना ओरडायला लावते, त्यात स्टंट आणि टम्बलिंग असतं, म्हणजे एकीला वर उचलणं, कोलांट्या, बॅक हँडस्प्रिंग. ड्रिल टीम हाफटाइमला, म्हणजे सामन्याच्या मध्यंतराला, मैदानाच्या मधोमध येऊन नाचते, जॅझ, पॉम, हिपहॉप, आणि टेक्सासची खासियत म्हणजे हाय किक. तीस-चाळीस मुली खांद्याला खांदा लावून एका रांगेत, पाय थेट टोपीच्या कडेपर्यंत, सगळ्यांचा एकाच ठोक्याला, आणि शेवटी सगळ्या उडी मारून एकदम स्प्लिटमध्ये जमिनीवर. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता.

हे टेक्सासचंच देणं आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. गसी नेल डेव्हिस नावाच्या बाई होत्या, आधी ग्रीनव्हिलच्या हायस्कूलमध्ये मुलींचं पेप स्क्वॉड, म्हणजे सामन्यात उत्साह वाढवणारं पथक, बसवायच्या, मग पूर्व टेक्सासमधल्या किलगोर कॉलेजने त्यांना बोलावलं. हाफटाइमला लोक उठून स्टँडखाली जाऊन दारू प्यायचे, त्यांना जागेवर बसवून ठेवेल असं काहीतरी करा आणि कॉलेजात मुलीही जास्त येऊ देत, असं तिथल्या डीनचं म्हणणं. त्यातून १९४० साली किलगोर रेंजरेट्स उभ्या राहिल्या, मैदानावर नाचणारी पहिली अशी टीम म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. आज टेक्सासच्या हायस्कूलमध्ये मुली ती काउबॉय हॅट, पांढरे बूट आणि लाल लिपस्टिक लावून उभ्या असतात ना, तो सगळा वारसा तिथला.

मुलगा चीअरमध्ये जातो म्हणतोय. हे मुलींचं नाही का?

सुरुवातच मुलांनी केली. १८९८ साली मिनेसोटा युनिव्हर्सिटीत जॉनी कॅम्बेल नावाच्या विद्यार्थ्याने फुटबॉलच्या सामन्यात पुढे येऊन गर्दीकडून घोषणा देऊन घेतल्या, तिथून हे चालू झालं असं मानतात. पुढची पंचवीसेक वर्षं हे पुरुषांचंच काम होतं, मिनेसोटात मुली यायला १९२३ उजाडलं. आपल्या डॅलसचे लॉरेन्स हर्किमर तिथल्याच सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीत (एसएमयू) चीअरलीडर होते, त्यांनी १९४८ मध्ये हंट्सव्हिलला पहिला चीअर कॅम्प घेतला आणि नॅशनल चीअरलीडर्स असोसिएशन काढली, 'हर्की' नावाची उडी त्यांच्याच नावाची. जॉर्ज डब्ल्यू बुश शाळेत हेड चीअरलीडर होते, आणि आपले आधीचे गव्हर्नर रिक पेरी टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीत येल लीडर, म्हणजे तिथले घोषणा देऊन घेणारे. तेव्हा मुलाला जायचं असेल तर खुशाल जाऊ द्या. स्टंट टीममध्ये ताकदवान मुलगे सगळ्यांना हवेच असतात.

ट्रायआउट कधी असतं? नववीत गेल्यावर का?

नाही, आणि इथेच आपले बरेच जण चुकतात. ट्रायआउट पुढच्या वर्षासाठी आधीच्या स्प्रिंगमध्ये होतं, म्हणजे नववीत जाणाऱ्या मुलीचं ट्रायआउट ती आठवीत असतानाच, साधारण फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान. ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाल्यावर विचारलंत तर टीम केव्हाच ठरलेली असते. आधी पालकांची मीटिंग असते, ती बहुतेक ठिकाणी सक्तीची, मग आठवडाभर क्लिनिक, त्यात सगळ्यांना एकच नाच किंवा चीअर शिकवतात, आणि शेवटच्या दिवशी बाहेरून आणलेले जज मार्क देतात. शिक्षकांचे शेरे आणि ग्रेडही मोजतात बऱ्याच शाळा.

फ्रेशमन म्हणजे नववीची टीम, जेव्ही म्हणजे मधली आणि व्हार्सिटी म्हणजे शाळेची मुख्य टीम असे थर असतात, नववीतली मुलगी थेट व्हार्सिटीत जाणं मोठ्या शाळेत दुर्मीळ. भरतनाट्यम किंवा कथक शिकलेल्या मुलींना ड्रिल टीममध्ये फायदा होतो असं मला दिसलंय, ताल पक्का असतो आणि पाठांतर भराभर होतं, फक्त पायाची लवचिकता वेगळी लागते, त्यामुळे स्प्लिट्सचा सराव सहा महिने आधीपासून घरी सुरू करा. चीअरसाठी मात्र टम्बलिंग येत नसेल तर जिम्नॅस्टिक्सचा क्लास लावावाच लागतो, आठवड्याच्या क्लिनिकमध्ये बॅक हँडस्प्रिंग येत नाही.

खर्च किती?

खरं सांगते, चीअर आणि ड्रिल टीम महाग आहेत. युनिफॉर्म, वॉर्मअप, बूट, पॉम, बो, बॅग, समर कॅम्प, कोरिओग्राफरची फी, स्पर्धेचा प्रवास, असं धरून वर्षाला हजार डॉलरच्या पुढे सहज जातं आणि मोठ्या शाळांत त्याच्याही बरंच पुढे. पालकांच्या मीटिंगमध्ये लेखी आकडा मागा, हप्ते कसे आहेत ते विचारा, आणि मुलीने मधेच सोडलं तर पैसे परत मिळतात का तेही विचारा, सहसा मिळत नाहीत. परवडत नसेल तर स्पॉन्सर टीचरला एकटं गाठून सांगा, लाजायचं काही कारण नाही, बूस्टर क्लबकडे, म्हणजे टीमसाठी पैसे उभे करणाऱ्या पालकांच्या संस्थेकडे, मदतीची सोय असते पण कुणी आपणहून येऊन विचारणार नाही.

क्लब त्या मानाने फुकटच म्हणायचे. वीस-तीस डॉलर ड्यूज, एक टीशर्ट. डेका आणि एफबीएलए (व्यवसायाचे), होसा (आरोग्यक्षेत्राचा) वगैरे क्लबांत मूल स्टेट किंवा नॅशनलला पोचलं तर मात्र हॉटेल-विमानाचा खर्च येतो, तो आनंदाचा खर्च.

अभ्यास बुडणार नाही का?

यावर टेक्सासचा कायदाच आहे, 'नो पास, नो प्ले'. १९८४ साली गव्हर्नर मार्क व्हाइट यांच्या काळात शाळांचे मोठे बदल झाले, त्यासाठी नेमलेल्या समितीचे प्रमुख डॅलसचे उद्योगपती रॉस पेरो होते, त्यातून हा नियम आला आणि तेव्हा फुटबॉलवाल्यांनी केवढा गदारोळ केला होता. ग्रेडिंग पीरियडला एकाही विषयात ७० च्या खाली गेलात तर निदान तीन आठवडे खेळ, परफॉर्मन्स, स्पर्धा सगळं बंद. सरावाला जाता येतं, मैदानात उतरता येत नाही. एपी, आयबी (हे कॉलेजच्या पातळीचे अवघड कोर्स) आणि डिस्ट्रिक्टने ठरवलेल्या काही ऑनर्स विषयांना सूट मिळू शकते, पण तीवर भरवसा ठेवून राहू नका.

दुसरा नियम आठ तासांचा. यूआयएल म्हणजे युनिव्हर्सिटी इंटरस्कॉलास्टिक लीग, ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासने १९१० मध्ये काढलेली संस्था, राज्यातल्या शाळांच्या बहुतेक सगळ्या स्पर्धा तीच चालवते. शाळेच्या आठवड्यात, शाळेच्या वेळेबाहेर, एका ॲक्टिव्हिटीचा सराव आठ तासांच्या वर घ्यायचा नाही असं तिचं बंधन आहे. कोणी कोच सर्रास ओलांडत असेल तर तुम्ही विचारू शकता, हक्क आहे तुमचा.

आता माझं मत. माझ्या मुलीची प्रॅक्टिस सकाळी साडेसहाला असायची, आणि त्या चार वर्षांत ती रात्री फोन बाजूला ठेवून दहाला झोपायची, गृहपाठ बसमध्ये संपवायची. वेळ कमी असला की मुलं तो जपून वापरतात. पण हे एकाच मोठ्या ॲक्टिव्हिटीबद्दल बोलतेय. चीअर, ऑर्केस्ट्रा, डिबेट, वीकेंडला मराठी शाळा आणि वर एसएटीचा क्लास, अशी मुलं मी शुक्रवारी स्टँडमध्ये बसल्याबसल्या पेंगताना बघितली आहेत, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

जीपीए (सगळ्या ग्रेडची सरासरी) आणि वर्गातल्या रँकवर परिणाम होतो म्हणे?

हो, हा प्रश्न बरोबर आहे आणि आपल्यात यावरून घरोघरी भांडणं होतात. चीअर, ड्रिल टीम, बँड हे वेळापत्रकात एक पीरियड खातात आणि त्या क्लासला साधं वेटेज मिळतं, एपीचं नाही. सगळी ए मिळवूनही वेटेड सरासरी खाली येऊ शकते. टेक्सासमध्ये रँकला एवढं महत्त्व येतं कारण १९९७ च्या कायद्याने वरच्या दहा टक्क्यांतल्या मुलांना सरकारी युनिव्हर्सिटीत आपोआप ॲडमिशन मिळते, पण यूटी ऑस्टिनचा कट-ऑफ त्याहून कडक आहे, २०२६ च्या फॉलपासून तो पाच टक्क्यांवर आलाय.

पण घाबरून सही नाकारायच्या आधी काउन्सेलरला हे विचारा: आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये कुठले क्लास रँकच्या जीपीएमध्ये धरतात? बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये फक्त मुख्य विषय धरतात, किंवा अशा क्लासला जीपीएतून वगळायची सोय असते. शिवाय चीअर, ड्रिल टीम आणि मार्चिंग बँड पीईच्या (शारीरिक शिक्षणाच्या) क्रेडिटऐवजी चालू शकतात, म्हणजे तो एक क्लास तसाही वाचतो. कागदावर हिशोब मांडा, मग ठरवा. आमच्या ओळखीत एकाने नुसत्या ऐकीव माहितीवर मुलीला बँडमधून काढलं आणि नंतर कळलं की त्यांच्याकडे बँड मोजतच नव्हते. तिची क्लॅरिनेट अजून कपाटात आहे.

चीअर धोकादायक आहे का?

आहे, आणि ते मान्य करूनच पुढे जायला हवं. वर जाते ती फ्लायर, खाली दोन बेस, मागे बॅक स्पॉट. फ्लायर पडली तर डोकं, बेसला मनगट-कोपर-नाक. म्हणून शाळांच्या नियमांत कुठला स्टंट कुठल्या जमिनीवर चालतो ते ठरलेलं आहे, मुलीला हवेत उंच फेकून झेलतात तो बास्केट टॉस बास्केटबॉलच्या लाकडी कोर्टवर करायला बंदी आहे, त्याला मॅट किंवा गवत लागतं. ट्रायआउटआधी कोचला तीन गोष्टी विचारा, सेफ्टीचं सर्टिफिकेट आहे का, सराव मॅटवर होतो का, शाळेची ॲथलेटिक ट्रेनर स्टंटच्या सरावाला जवळपास असते का. उत्तर देताना कोच वैतागला तर तेही एक उत्तरच.

डोक्याला मार लागला, मुलगी म्हणाली मी ठीक आहे, तरी त्या दिवशी परत उभी राहू देऊ नका आणि डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय तर नाहीच. मुली सांगत नाहीत, जागा जाईल म्हणून लपवतात. घरी शांतपणे विचारा, उजेडाचा त्रास होतो का, वाचताना डोकं दुखतं का.

बँडवाल्यांना वेगळा धोका, ऊन. ऑगस्टमध्ये पार्किंग लॉटच्या डांबरावर शंभर डिग्री फॅरनहाइटमध्ये सराव असतो. एक लिटरची नाही, गॅलनची पाण्याची बाटली घ्या, टोपी, आणि सकाळी पोटभर खाऊन पाठवा. उपाशी गेलेली मुलं चक्कर येऊन पडतात.

कपड्यांवरून घरात वाद होतोय.

आखूड स्कर्टचा विषय, कळलं. त्याखाली पूर्ण स्पँडेक्स असतं, ड्रिल टीमच्या पोशाखाखाली बॉडी सूट आणि टाइट्स असतात, अंगभर घट्ट बसणारा पोशाख स्टंट करताना सुरक्षितही असतो. आजीला नुसता फोटो दाखवण्यापेक्षा हातात युनिफॉर्म देऊन दाखवा, निम्मा वाद तिथेच मिटतो. पण मुलीला स्वतःला अवघडल्यासारखं वाटत असेल तर ते ऐका, धार्मिक किंवा वैयक्तिक कारणासाठी लेगिंग्ज चालतात का असं कोचला विचारता येतं, आणि वजनावरून कोच किंवा इतर मुली काही बोलत असतील तर ते लगेच प्रिन्सिपलपर्यंत न्या. त्यात थांबायचं नाही.

पेप रॅली, होमकमिंग, मम... हे काय आहे?

पेप रॅली म्हणजे शुक्रवारच्या सामन्याआधी अख्खी शाळा जिममध्ये जमते आणि चीअर, ड्रिल टीम, ड्रमलाइन मिळून छप्पर उडवतात. होमकमिंग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, जुने विद्यार्थी परत येतात, परेड, सामना, किंग-क्वीन, डान्स.

मम ही खास टेक्सासची चीज. शेवंतीचं फूल, पूर्वी खरं असायचं, आता कापडी, त्याला शाळेच्या रंगाच्या जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या रिबिनी, घुंगरं, छोटे टेडी, नावं चिकटवलेली, काही तर बॅटरीवर लुकलुकतात. मुली छातीवर लावतात, मुलं तेच छोट्या आकारात दंडावर गार्टर म्हणून. दुकानात काहीशे डॉलरलाही मिळतो, पण क्राफ्टच्या दुकानातून सामान आणून ग्लूगनने घरी करता येतो. ज्यांना मखराची आरास करता येते त्यांना मम काहीच अवघड नाही, शिवाय मुलीबरोबर डायनिंग टेबलावर तीन तास गप्पा होतात ते वेगळंच. रंगाचा संकेत तेवढा लक्षात ठेवा, सीनियर म्हणजे बारावीतल्या मुलींचा मम बऱ्याच शाळांत पांढरा-सिल्व्हर असतो, नववीतल्या मुलीने तो लावायचा नाही.

क्लब इतके आहेत, कुठला घ्यावा?

मोठ्या शाळेत शंभराच्या आसपास क्लब सहज असतात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये क्लब फेअर होते, तिथे मुलं पंधरा ठिकाणी नाव लिहून येतात आणि ऑक्टोबरपर्यंत दोन उरतात, तसंच व्हायला हवं. कमी माहिती असलेले दोन-तीन सांगते, बाकीचे मुलं शोधतातच.

नंबर सेन्स हा यूआयएलच्या शैक्षणिक स्पर्धांपैकी एक, दहा मिनिटांत ८० प्रश्न, सगळे तोंडी हिशोब, कच्चं काम करायचं नाही, खोडायचं नाही. पाढे पाठ असलेल्या आपल्या मुलांना हे फार आवडतं. वन-ॲक्ट प्लेची स्पर्धा १९२७ पासून चालू आहे, ज्या घरात एकांकिकांचं वेड आहे त्यांनी मुलांना आवर्जून तिकडे पाठवा, स्टेज लागत नसेल तर लाइट्स आणि साउंडचं काम असतं. की क्लब समाजसेवेचा, १९२५ मध्ये सॅक्रामेंटोच्या शाळेत सुरू झाला, फूड बँकेत जाऊन डबे लावणं, शाळेभोवती सफाई, लाजाळू मुलांना तिथे पटकन मित्र मिळतात. रोबॉटिक्सबद्दल आपल्या लोकांना काही सांगायची गरज नाही, फक्त एवढंच की मुलीलाही न्या, आणि तिला पोस्टर बनवायला बसवलं तर हातात ड्रिल द्या म्हणून सांगा.

एफएफएमध्ये जायचंय म्हणते. आम्ही शाकाहारी आहोत.

एफएफए म्हणजे शेतीचा क्लब, १९२८ चा, निळं कॉर्डुरॉय जॅकेट घालतात ती मुलं. आपल्या सबर्बमधल्या डिस्ट्रिक्टचंही स्वतःचं ॲग बार्न, म्हणजे जनावरांचा गोठा, असतं, मुलं तिथे बकरी, डुक्कर, कोकरू, बैल वाढवतात, रोज पहाटे आणि संध्याकाळी जाऊन खायला घालतात, फिरवतात, अंघोळ घालतात, आणि ह्यूस्टन लाइव्हस्टॉक शोसारख्या ठिकाणी दाखवतात. नीट ऐका: यातली बरीच जनावरं शेवटी लिलावात मांसासाठी जातात. मुलीने नाव ठेवलेली बकरी असते ती. हे आधी सांगितलं नाही तर फेब्रुवारीत मुलगी आठवडाभर रडते आणि आईबाबांना काय करावं कळत नाही. पण एफएफए म्हणजे फक्त तेवढंच नाही, फुलांची रचना, व्हेटरिनरी सायन्स, भाषण, सभेचं कामकाज चालवण्याच्या स्पर्धा, रोपवाटिका, ससे किंवा शोच्या कोंबड्या घेऊन न विकण्याचा पर्याय, हे सगळं आहे. ॲग टीचरला घरची अडचण सरळ सांगा, ते मार्ग काढतात.

नॅशनल ऑनर सोसायटीत आपोआप घेतात का?

नाही. दहावीपासून पुढे अर्ज करता येतो, जीपीए लागतो, पण त्याशिवाय सेवा, नेतृत्व, चारित्र्य बघून शिक्षकांची कमिटी निवडते. नववीपासून सेवेचे तास लिहून ठेवा, तारीख आणि सहीसकट.

मुलांना मराठी किंवा हिंदू क्लब काढता येईल का? शाळेत ख्रिश्चन क्लब आहे.

येईल. १९८४ चा इक्वल ॲक्सेस ॲक्ट आहे, शाळेने अभ्यासाशी संबंध नसलेल्या एका क्लबला जागा दिली की धर्म किंवा विचार बघून दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही, आणि १९९० मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदा कायम केला. अटी साध्या, क्लब मुलांनीच चालवायचा, बाहेरच्यांनी म्हणजे आपण पालकांनी किंवा मंडळाने येऊन चालवायचा नाही, आणि देखरेखीला एक शिक्षक लागतो. दिवाळी, गुढीपाडवा, संक्रांतीचे कार्यक्रम मुलं छान करतात, तिळगूळ वाटायचा असेल तर ॲलर्जीचा फॉर्म आधी भरा, तीळ आणि दाणे दोन्ही त्यात येतात.

क्लबसाठी सहीचा फॉर्म आलाय, आधी तर नव्हता?

२०२५ च्या सप्टेंबरपासून टेक्सासमध्ये क्लबमध्ये जायला पालकांची लेखी परवानगी लागते. दर क्लबचा फॉर्म वेगळा असू शकतो, ईमेल बघत राहा, नाहीतर मूल दारातून परत येतं.

सोशल मीडियाचा करार सही करायला सांगतात, तो किती खरा?

स्पिरिट टीमच्या कॉन्स्टिट्यूशनमध्ये, म्हणजे नियमावलीत, तो असतोच. पेनसिल्व्हेनियातल्या एका मुलीला व्हार्सिटी चीअर मिळाली नाही, तिने शनिवारी शाळेबाहेरून स्नॅपचॅटवर शिवी देऊन राग काढला, शाळेने वर्षभरासाठी टीममधून काढलं, आणि ते भांडण सुप्रीम कोर्टात गेलं. २०२१ मध्ये कोर्टाने आठ विरुद्ध एक असा तिच्या बाजूने निकाल दिला. पण धमकी, छळ, कुणाला त्रास देणं यात शाळा शाळेबाहेरच्याही वागण्यात हात घालू शकते हेही कोर्टाने सांगितलंय. मुलांना दोन्ही बाजू सांगा. हरल्याच्या रात्री फोन बाजूला ठेवायचा, हा आमच्या घरचा नियम.

आमची मुलं एच-४ व्हिसावर (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा) आहेत, अडचण आहे का?

क्लबला, टीमला, स्पर्धेला काही अडचण नाही. पगाराचं काम मात्र करता येत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात चीअर कॅम्पला पैसे घेऊन शिकवणं वगैरे नको. काही स्कॉलरशिपना सिटिझन किंवा ग्रीन कार्डची अट असते, अर्ज लिहायला बसायच्या आधी ती ओळ वाचा म्हणजे मुलाचा हिरमोड होत नाही.

कॉलेजच्या अर्जात चीअरला किंमत असते का?

कॉमन ॲपमध्ये, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, दहाच ॲक्टिव्हिटी लिहायला जागा आहे आणि प्रत्येकीच्या वर्णनाला १५० अक्षरं, म्हणजे शब्द नाहीत, अक्षरं. दहा क्लबांची नुसती नावं तिथे केविलवाणी दिसतात. चार वर्षं एकाच टीममध्ये, शेवटच्या वर्षी लेफ्टनंट म्हणजे टीमची एक प्रमुख, नवीन मुलींना शिकवलं, चाळीस जणींचे कॉश्च्युम सांभाळले, हे वाचणाऱ्याला कळतं. माझ्या मते मुलाला जे मनापासून हवंय ते एक द्यावं आणि मग आपण त्याच्या मागे पूर्ण उभं राहावं, अर्जाचं त्यातून आपोआप होतं. अर्जासाठी म्हणून घेतलेला क्लब मुलं दुसऱ्या महिन्यात सोडतात.

बूस्टर क्लबमध्ये आम्हाला काय करावं लागतं?

स्वयंसेवा. आधी बॅकग्राउंड चेकचा ऑनलाइन फॉर्म भरा, तो मंजूर व्हायला वेळ लागतो. मग कन्सेशन स्टँड म्हणजे सामन्यातलं खाण्यापिण्याचं दुकान सांभाळणं, गाड्यांतून सामान उतरवणं, मुलींच्या केसांना पिना लावणं, बँडचे प्रॉप ढकलणं. बाबालोकांना प्रॉप ढकलायला फार आवडतं, आमच्याकडे तर त्यांचा वेगळा ग्रुप झालाय.

कन्सेशनला फ्रिटो पाय करावा लागतो, चिप्सची छोटी पिशवी आडवी कापायची, त्यात डावाने गरम चिली ओतायची, वर किसलेलं चीज, प्लास्टिकचा चमचा खोचून द्यायचा. त्या चिलीत बीफ असतं. ज्यांना नको त्यांनी आधीच सांगा, ड्रिंक्स, पॉपकॉर्न, किंवा बरणीतून मोठी आंबट काकडी काढून कागदात गुंडाळून द्यायचं काम मिळतं, आनंदाने देतात.

पैशाबद्दल एक: बूस्टर क्लब करमुक्त संस्था असते, म्हणून 'तुम्ही जेवढा फंड गोळा केला तेवढा तुमच्या मुलाच्या खात्यात' ही पद्धत आयआरएसला, म्हणजे इथल्या आयकर खात्याला, मान्य नाही. खजिनदार झालात तर हे पहिल्या दिवशी तपासा.

निवड झाली नाही. मुलगी खोलीतून बाहेर येत नाहीये.

यादी बहुतेक शाळा रात्री ऑनलाइन लावतात, नावाऐवजी नंबर असतो. त्या रात्री काही समजावू नका, 'त्यापेक्षा अभ्यास कर' तर अजिबात नको, मी हे वाक्य किती घरांत ऐकलंय आणि मुली ते वर्षानुवर्षं विसरत नाहीत. वरणभात करा, जवळ बसा. कोचला त्याच रात्री ईमेल लिहू नका. दोन-चार दिवसांनी मुलीने स्वतः जाऊन स्कोअरशीट बघता येईल का आणि कुठे कमी पडले असं विचारावं, बहुतेक कोच दाखवतात. पुढच्या वर्षी परत ट्रायआउट देता येतं, दुसऱ्या वर्षी निवड झालेल्या कितीतरी जणी मी बघितल्या आहेत. तोपर्यंत टीमची मॅनेजर, कलर गार्ड (तिथे सहसा जागा जास्त असतात), थिएटर, किंवा बाहेर कथक परत सुरू, असे रस्ते आहेत. आणि तिची जी मैत्रीण निवडली गेली तिचं अभिनंदन तिने करावं म्हणून मागे लागू नका, ती करेल तिच्या वेळेने.

आईबाबा पुण्याहून आलेत, त्यांना शुक्रवारच्या सामन्याला न्यावं का?

न्याच. फुटबॉल कळला नाही तरी हरकत नाही, ते नातीला बघायला आलेत. तिकीट बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये ऑनलाइनच, गेटवर रोख चालत नाही. पर्स पारदर्शक लागते, बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तेव्हा जेवूनच निघा, औषधं मात्र जवळ ठेवा आणि गेटवर सांगा. बाकड्यांना पाठ नसते, म्हणून टेकायची सीट किंवा उशी घ्या, आणि नोव्हेंबर असेल तर शाल. हाफटाइम दुसऱ्या क्वार्टरनंतर, बारा मिनिटांचा क्वार्टर म्हटला तरी घड्याळ सारखं थांबतं त्यामुळे सव्वा तासाच्या आसपास धरा, चहा-बाथरूम त्याच्या पाच मिनिटं आधी उरकून जागेवर या, नाहीतर रांगेत उभं असतानाच नाच संपतो. बसायचं बँडच्या जवळ नको, कान बसतात, पन्नास यार्डाच्या रेषेसमोर आणि जरा वर बसा, रांग तिथून सरळ दिसते. नात कितवी आहे ते तिला आधी विचारून ठेवा, कारण हॅट आणि लिपस्टिक लावल्यावर सगळ्या सारख्याच दिसतात, आमच्या आईने पहिल्या सामन्याला दुसऱ्याच मुलीचा व्हिडिओ काढला होता.